बिऱ्हाड

गेल्या वर्षी नवरात्र संपले आणि आमच्या घरी दिवाळीची आवराआवर सुरू झाली. माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या तराजूत गेले, मोडका आकाशकंदील यंदाही टाकवेना म्हणून पुन्हा जागच्या जागी ठेवला गेला. आणि ह्या साऱ्या धांदलीत माझ्या टेबलाखालच्या संगणकाचीही पाळी आली. त्याच्या पोटातील हार्ड डिस्क अकरा वर्षांची झाली होती. सुरू होताना ती जात्यासारखी घरघरे, आणि एखादे पत्र उघडावयाचे तर मध्यंतरी चहा पिऊन व्हावयाचा. नातवाने एक दिवस निर्वाणीचे सांगितले, "आजोबा, आता नवीन घ्याच. ही कधी बसेल सांगता येत नाही."

नवी आली ती पत्त्याच्या पानाहून थोडी मोठी आणि बोटाहून पातळ. तिच्यात फिरणारे काही नाही, घरघरणारे काही नाही. दुकानातून एक मुलगा आला, त्याने ती बसविली, आणि मग आम्ही आजोबा-नातू मिळून सामान हलवावयास बसलो. माझे लेख, पत्रव्यवहार, चार लग्नांची छायाचित्रे. त्याचे तीन-चार खेळ, ज्यांतला एकच माझ्या सगळ्या हयातीच्या लिखाणाहून शंभरपटींनी मोठा होता. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. सारे आल्याची मी जातीने खात्री करून घेतली, आणि जुनी डिस्क एका होतकरू विद्यार्थ्याला द्यावयाची असल्यामुळे त्या मुलाला बजावले की, आतले सगळे पार पुसून टाक, काही मागे राहता कामा नये. त्याने तिच्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्ये लिहून तिची पाटी कोरी केली.

रात्री नातवाने खेळ उघडला. डोंगर होते, किल्ला होता, संगीत वाजत होते. परंतु दीड वर्ष खपून तो ज्या मुक्कामाला पोहोचला होता तो मुक्काम कोठेच नव्हता. खेळ त्याला विचारीत होता, नवीन सुरुवात करावयाची काय? तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, गेम आला, पण माझा खेळ आला नाही."

पुढे कळले ते असे. खेळ एका कपाटात राहतो आणि खेळणाऱ्याची प्रगती दुसऱ्याच, सहसा दृष्टीस न पडणाऱ्या कोनाड्यात लिहिली जाते. कपाट आम्ही उचलून आणले होते. कोनाडा मी शून्यांनी भरविला होता. चूक सर्वस्वी माझी. पोराने त्यावर एक शब्द काढला नाही, आणि तेच मला अधिक लागले. त्या अपराधाच्या पोटी, हे बिऱ्हाड हलविणे म्हणजे मुळात काय आणि ते माणसाने कधीपासून आरंभिले, ह्याचा मी माग काढू लागलो. तो इतिहास सत्तर वर्षांचाच आहे. पण त्यात एका माणसाने जपावे आणि दुसऱ्याने विसरावे ह्याच्या इतक्या कथा आहेत की, आपल्याकडच्या दप्तरखान्यांची आठवण व्हावी.

यंत्राची स्मृती यंत्रातच राहू लागली ती पुष्कळ उशिरा. आरंभीच्या यंत्रांना स्वतःचे असे घर नव्हतेच. ती धर्मशाळेतल्या उतारूंसारखी होती. काम द्यावयाचे तर भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांचा गठ्ठा त्यांच्या तोंडी द्यावयाचा, काम झाले की गठ्ठा परत कपाटात. चुंबकीय फीत आली तरी तीत एक खोड होती. हवी ती नोंद फितीच्या शेवटी असली तर अख्खी फीत उलगडावी लागे, जणू पोथीचे शेवटचे पान पाहावयास आधीची सगळी पाने वाचलीच पाहिजेत.

ही अडचण दूर केली ती आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील एका लहानशा प्रयोगशाळेने. १९५२ साली ती उभारावयास कंपनीने ज्याला पाठविले तो रेनॉल्ड जॉन्सन हा मूळचा मिशिगनमधील शाळामास्तर. पेन्सिलीने खुणा केलेल्या उत्तरपत्रिका आपोआप तपासणारे यंत्र त्याने शिक्षक असतानाच जुळविले होते आणि त्यावरच तो कंपनीत आला होता. (उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा हा एवढ्या मोठ्या शोधाच्या मुळाशी असावा, हे कोणाही शिक्षकास पटेल.) ह्या मास्तराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर ओवल्या, त्या मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरविल्या आणि त्यांवर चुंबकीय लेप दिला. लेप सारखा बसावा म्हणून तो नायलॉनच्या पायमोज्यांतून गाळून फिरत्या तबकडीवर ओतीत. वाचणारा हात एकच. तो खालीवर सरकून हव्या त्या तबकडीशी थांबे आणि मग आत शिरे. हवी ती नोंद सरासरी सहा दशांश सेकंदात हाती लागे.

१९५६ च्या सप्टेंबरात हे यंत्र जाहीर झाले. 'रॅमॅक' हे त्याचे नाव. डिस्कचा भाग दोन मोठ्या कपाटांएवढा, वजन टनाहून जास्त, सबंध यंत्रणेचे भाडे महिना ३२०० डॉलर, आणि सामावणारी अक्षरे पन्नास लक्ष. पन्नास लक्ष अक्षरे म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्र. हे ऐकून आपण हसतो. परंतु तेव्हाच्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ६४ हजार पत्त्यांचा ढीग एका यंत्रात मावला होता आणि त्यांतला कोणताही पत्ता तत्काळ काढता येत होता. हसू जरा आवरावे.

येथूनच आपल्या विषयास प्रारंभ होतो. कारण ज्या क्षणी माहिती घरात कायमची राहावयास आली, त्याच क्षणी घर जुने होण्याची चिंताही आली. १९६२ साली आय.बी.एम.नेच तबकड्यांची सुटी चळत काढली. सहा तबकड्यांची चळत केकच्या डब्यासारख्या झाकणात घालून उचलावयाची आणि दुसऱ्या यंत्रावर बसवावयाची. म्हणजे सामान न हलविता घरच उचलून नेण्याची ही सोय होती. पुढे १९७३ साली तबकड्या आणि वाचणारे हात एकाच बंद पेटीत घालून धुळीपासून वाचविण्यात आले. त्या यंत्रात तीस-तीस दशलक्ष अक्षरांचे दोन भाग योजिले होते. '३०-३०' म्हटल्यावर योजकांपैकी केन हॉटन ह्यास त्याच नावाच्या काडतुसाची प्रख्यात बंदूक आठवली, आणि 'विंचेस्टर' हे नाव त्या यंत्रास चिकटले ते चिकटलेच. आजही फिरणारी प्रत्येक हार्ड डिस्क कुळाने विंचेस्टरच आहे.

खेळांचे कूळ मात्र निराळ्या बाजूने आले. १९६२ साली एम.आय.टी. ह्या विद्यापीठात स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पी.डी.पी.–१ नावाच्या यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ लिहिला. एका ताऱ्याच्या ओढीत सापडलेली दोन विमाने एकमेकांवर मारा करतात, एवढेच त्याचे कथानक. तो राहत असे कागदी फितीच्या भोकांत. कोणास हवा असेल त्याने फितीची नक्कल पाडून न्यावी; पैसा नाही, परवाना नाही. त्या जातीची यंत्रे उण्यापुऱ्या त्रेपन्नच तयार झाली आणि जेथे जेथे ती गेली तेथे तेथे हा खेळ पाठोपाठ गेला. कॅलिफोर्नियातील संगणक-संग्रहालयात त्यांतले एक यंत्र पुन्हा चालते केले असून त्यावर तो आजही खेळता येतो. साठ वर्षांपूर्वीचा खेळ वाचला ह्याचे कारण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. त्याची नक्कल करण्यास कोणी कोणास मज्जाव केला नव्हता.

वीस वर्षांनी मज्जाव आला. संगणक घराघरांत शिरला, खेळ विकाऊ माल झाला, आणि विकणाऱ्यास पहिली धास्ती पडली ती नकलेची. खेळ फ्लॉपीवर येत. फ्लॉपी ही मुळात १९७१ साली आय.बी.एम.ने आपल्या मोठ्या यंत्रांना सूचना पाजण्यासाठी काढलेली आठ इंची लवचिक तबकडी; १९७६ पासून ती सव्वापाच इंची होऊन घरगुती यंत्रांत आली. विक्रेते तिच्यावर मुद्दाम वेडेवाकडे लिहून ठेवीत, जेणेकरून साध्या आज्ञेने तिची प्रत निघू नये. १९८३ च्या मार्चमध्ये आय.बी.एम.चा 'एक्स–टी' हा संगणक दहा मेगाबाइटची हार्ड डिस्क घेऊन बाजारात आला, तेव्हा लोकांनी हौसेने आपला संसार तीत मांडला. पण पुष्कळसे खेळ घरात यावयास तयार नव्हते. कित्येकांना यंत्राची नेहमीची व्यवस्था ठाऊकच नव्हती. फ्लॉपी घालून यंत्र नव्याने सुरू केले तरच ते जागे होत. खेळच कशाला, हिशेबाचा प्रसिद्ध 'लोटस १–२–३' हा कार्यक्रम हार्ड डिस्कवर चढविला तरी मूळ फ्लॉपी खोबणीत असल्याखेरीज काम सुरू करीत नसे. सून सासरी आली, पण माहेरचे माणूस उंबऱ्यात बसले असेल तरच बोलणार, असा तो प्रकार.

ह्या मज्जावाची सर्वांत बोलकी कथा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या खेळाची. जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणाने १९८५ पासून चार वर्षे खपून तो ॲपल–२ ह्या यंत्रासाठी लिहिला. राजपुत्राची धावण्या-उडी मारण्याची ढब हुबेहूब माणसासारखी यावी म्हणून त्याने धाकट्या भावाला धावावयास लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक आकृती उतरून काढली. संगीत वडिलांनी दिले. म्हणजे घरचेच कार्य. खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला. त्या यंत्राच्या फ्लॉपीवर प्रत्येक वर्तुळात सोळा भाग असावयाचे. रोलंड गुस्ताफसन ह्या त्याच्या सहकाऱ्याने ह्या खेळासाठी अठरा भाग बसविण्याची युक्ती योजिली होती. त्यामुळे १४० किलोबाइटच्या जागी सुमारे १५७ मावत, आणि साध्या यंत्राला सोळाच मोजता येत असल्यामुळे नक्कलही होत नसे. एका दगडात दोन पक्षी.

खेळ जगभर गेला. आपल्याकडेही १९९० नंतरच्या दशकात ज्याने संगणकाच्या वर्गात पहिल्यांदा कळफलकाला हात लावला, त्याने हा राजपुत्र अणकुचीदार खिळ्यांवर पाडला नसेल असे सहसा घडले नसेल. पण मूळ लिखाण, म्हणजे ज्यातून खेळ घडला ती खुद्द मेक्नरच्या हातची सूत्रे, ती हरवली. २००२ च्या सुमारास नव्या आवृत्तीचे काम निघाले तेव्हा त्याने कपाटे धुंडाळली, सापडली नाहीत. आणखी दहा वर्षे गेली. २०१२ च्या मार्चमध्ये त्याच्या वडिलांनी न्यूयॉर्कच्या घरातील कपाट आवरावयास घेतले आणि तळाशी एक खोका निघाला. खोक्यात साडेतीन इंची फ्लॉप्या, आणि त्यांवर मुलाच्या हातची नावे.

सापडल्या म्हणजे वाचता आल्या असे नव्हे. चुंबकीय लेप वीस-बावीस वर्षे टिकला असेल किंवा नसेलही. वाचावयास तेव्हाचेच यंत्र हवे. आणि एकदा चुकीने घासली गेली की पुन्हा संधी नाही. मेक्नरने उतावीळपणा केला नाही. एप्रिलमध्ये ॲपल–२ यंत्रांचा जाणकार टोनी डियाझ आणि डिजिटल पुराभिलेखांचा वेड लागलेला रक्षक जेसन स्कॉट असे दोघे जुनी यंत्रे घेऊन त्याच्या घरी आले, आणि दिवसभर एकेक तबकडी वाचीत बसले. लिखाण निघाले. मेक्नरने ते त्याच सुमारास सर्वांसाठी खुले करून टाकले. ज्या खेळाची नक्कल होऊ नये म्हणून एवढी करामत केली, त्याच्या नकला आता जगात किती आहेत कोणी मोजू शकणार नाही.

आता 'हलविणे' ह्या शब्दाकडे वळतो, कारण माझी चूक त्याच शब्दात होती. एकाच डिस्कवर एका कप्प्यातील फाइल दुसऱ्या कप्प्यात हलविली तर कितीही मोठी असो, क्षणात हलते. कारण फाइल जागची हालतच नाही. तलाठ्याच्या दप्तरात फेरफार व्हावा तशी केवळ नोंद बदलते, जमीन आहे तेथेच असते. परंतु एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर हलविताना फेरफार चालत नाही. तेथे अक्षर अन् अक्षर नव्या जागी पुन्हा लिहावे लागते आणि मग जुन्या जागेची नोंद खोडली जाते. नक्कल आणि मग मुळाचे विसर्जन. मायक्रोसॉफ्टच्या डॉस ह्या व्यवस्थेत तर १९९३ साली सहावी आवृत्ती येईपर्यंत 'हलव' अशी आज्ञाच नव्हती; प्रत काढा आणि मूळ पुसा, असा सरळ दोन पायऱ्यांचा मामला होता. माझ्या मते तीच रीत प्रामाणिक. दोन पायऱ्यांच्या मध्ये माणसाला क्षणभर थांबता येई.

पुसणे हेही तेव्हा पुसणे नव्हते. डॉसमध्ये फाइल पुसली की नोंदवहीतील तिच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई आणि जागा मोकळी समजली जाई. मजकूर तसाच पडून राही. पीटर नॉर्टन नावाच्या गृहस्थाने १९८२ साली स्वतःची एक फाइल चुकून पुसली आणि ह्याच फटीतून ती परत मिळविली. त्यावर त्याने जो कार्यक्रम रचला त्याने पुढे त्याचे नाव घरोघर गेले. हरवलेली फाइल परत करताना तो आपणास विचारी, नावाचे पहिले अक्षर काय होते? तेवढे एकच त्याला ठाऊक नसे.

पुढे विंडोज आली आणि १९९५ पासून तिची 'रजिस्ट्री' नावाची मध्यवर्ती नोंदवही सर्वांच्या उरावर बसली. आता कार्यक्रम म्हणजे एका कप्प्यातील चार फाइली राहिल्या नाहीत. त्याचे थोडे येथे, थोडे तेथे, आणि आपण कोठे राहतो ह्याची त्याने मध्यवर्ती वहीत केलेली नोंद. कप्पा उचलून नव्या डिस्कवर ठेवला तरी वही म्हणे, ह्या नावाचा कोणी येथे राहत नाही. त्यावर न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड ह्याने काढलेला उपाय 'घोस्ट' ह्या नावाने गाजला आणि १९९८ साली सिमँटेक कंपनीने तो विकत घेतला. फाइली वेचीत बसू नका, सबंध डिस्कचाच छाप घ्या आणि नव्या डिस्कवर उमटवा, असा तो उपाय. वाड्यातील वस्तू न हलविता, भिंतींवरील खिळे आणि कोपऱ्यांतील जळमटे ह्यांसकट वाडाच दुसऱ्या गावी उभा करावयाचा. आम्ही हाच मार्ग धरला असता तर नातवाचा मुक्काम शाबूत राहिला असता. पण मला म्हणे 'स्वच्छ सुरुवात' हवी होती!

आणखी एक गंमत मोजमापाची. प्रत्येक पिढीने डिस्कचा पत्ता लिहिण्यास जेवढे अंक राखून ठेवले तेवढे पुढल्या पिढीस अपुरे पडले. प्रथम ५२ कोटी ८४ लक्ष अक्षरांपलीकडे यंत्राला मोजताच येत नसे. १०२४ वर्तुळे, १६ डोकी, ६३ तुकडे, प्रत्येकी ५१२ अक्षरे, ह्यांचा गुणाकार करून पाहावा. मग ८.४ गिगाबाइटची भिंत आली, मग १३७ ची, मग दोन टेराबाइटची. प्रत्येक वेळी बांधणाऱ्यास वाटले की, एवढ्या मोठ्या वाड्यात कोण राहावयास येणार! १९९६ सालच्या मांडणीवर चालणाऱ्या पेनड्राइव्हवर चार गिगाबाइटहून मोठी एकच फाइल आजही मावत नाही, मग तो पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. आमच्या नातवाच्या खेळातील एका फाइलीने आम्हांस तो धडा दिला. अर्धा तास हुज्जत घातल्यावर पेनड्राइव्ह बाजूला ठेवून तार जोडावी लागली.

हे झाले घरगुती. संस्थांच्या पातळीवर बिऱ्हाड हलवावयाचे राहून गेले म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे थोडक्यात सांगतो. इंग्लंडात १०८६ सालच्या 'डूम्सडे' ह्या जमीन-मोजणीच्या वहीला नऊशे वर्षे झाली म्हणून बी.बी.सी.ने १९८६ साली लाखो लोकांच्या साह्याने तशीच नवी वही लेसर-तबकड्यांवर तयार केली. पंधरा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि लीड्स व मिशिगन येथील संशोधकांना नव्या संगणकात जुन्या यंत्राचे सोंग उभे करून त्या वाचाव्या लागल्या. कातड्यावर लिहिलेली १०८६ ची वही मात्र तेव्हाही वाचता येत होती.

अमेरिकेच्या चांद्रयानांची गोष्ट अधिक हृद्य आहे. १९६६-६७ साली पाच 'लूनर ऑर्बिटर' यानांनी चंद्राची छायाचित्रे पाठविली, आणि ती सुमारे दीड हजार फितींवर नोंदली गेली. पुढे फिती टाकून देण्याची वेळ आली तेव्हा नॅन्सी इव्हान्स ह्या बाईंनी त्यास नकार दिला. नुसत्या फितींचा उपयोग नाही हे जाणून त्या वाचणारी, शीतकपाटांएवढी ॲम्पेक्स कंपनीची यंत्रेही त्यांनी मिळविली आणि वर्षानुवर्षे आपल्या घराच्या आवारात सांभाळली. २००८ साली डेनिस विंगो आणि कीथ काउइंग ह्यांनी ती हाती घेतली. नासाच्या एम्स केंद्रातील बंद पडलेल्या एका खाणावळीच्या इमारतीत यंत्रे दुरुस्त झाली, आणि २३ ऑगस्ट १९६६ रोजी चंद्राजवळून टिपलेले पृथ्वीचे छायाचित्र पूर्वी कोणी पाहिले नव्हते इतके स्पष्ट निघाले. तीच नासा, अपोलो–११ च्या मूळ फिती मात्र बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असा तिच्याच चौकशीचा २००९ सालचा निष्कर्ष आहे. एके ठिकाणी एक हट्टी बाई होती. दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

नव्या, न फिरणाऱ्या डिस्कविषयी दोन शब्द. तिची विद्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका ह्यांच्याकडे जाते. १९८४ आणि १९८७ साली त्यांनी ती दोन रूपांत मांडली. तिच्यात चुंबक नाही. चहूबाजूंनी निरोधकाने वेढलेल्या सूक्ष्म कोठडीत विजेचे कण डांबावयाचे. आहेत की नाहीत, किती आहेत, ह्यावरून अक्षर ओळखावयाचे. फिरणे नसल्यामुळे शोधाशोधीचा वेळ जवळजवळ शून्य. परंतु तिचा स्वभाव जुनीहून कठोर आहे. एखादी फाइल पुसल्याचे तिला कळविले की रिकाम्या वेळी ती स्वतःच ती जागा खरोखर साफ करून टाकते. पीटर नॉर्टनची युक्ती तेथे बहुधा चालत नाही. आणि विजेविना दीर्घकाळ पडून राहिली तर डांबलेले कण हळूहळू निसटतात. कपाटाच्या तळाशी खोक्यात बावीस वर्षे ठेवावी अशी ती वस्तू नव्हे.

आता माझ्या स्वतःच्या सामानाची हकीकत राहिली. माझे सारे काही आले होते असे मी वर म्हटले. त्यात एक फाइल होती, आमच्या कुलवृत्तांताची. माझे थोरले बंधू शाळेतून निवृत्त झाल्यावर १९९६-९७ साली संगणकावर मराठी टंकन शिकले आणि आमच्या घराण्याची हकीकत त्यांनी स्वतः टंकून काढली. छापील एकशे अठरा पाने. आमच्या घराण्याने दोनशे वर्षांत सात वेळा गाव सोडले. तेव्हा ती हकीकत म्हणजे बिऱ्हाडांचीच मालिका आहे. दादा २००९ साली गेले. फाइल फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून डिस्कवर, डिस्कवरून ह्या नव्या डिस्कवर आली. एक अक्षरही गळले नाही, हे मी आकड्यांनी ताडून पाहिले. उघडली तो पडद्यावर रोमन अक्षरे, प्रश्नचिन्हे आणि कंस ह्यांचा चिवडा.

कारण उघड होते, माझ्या लक्षात मात्र कधी आले नव्हते. त्या काळी मराठी अक्षरांना यंत्रात सर्वमान्य क्रमांक असून नसल्यासारखा होता. कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेत सुरू होऊन पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या 'जिस्ट' ह्या तंत्राने आणि १९९१ साली भारतीय मानक ठरलेल्या 'इस्की' ह्या संकेताने तो घालून दिला होता. परंतु छपाईच्या धंद्यातील प्रत्येक कंपनी आपापला टंक काढून इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी तुकडे बसवी, आणि यंत्राच्या पाठीला एक कुलूप जोडल्याखेरीज तो टंक चालू देत नसे. दादांचे ते कुलूप त्यांच्या संगणकाबरोबरच भंगारात गेले. पुढे युनिकोड आले, सुलेखनकार र. कृ. जोशी ह्यांनी रेखिलेला 'मंगल' टंक विंडोजबरोबर आला. आणि दादांची फाइल अक्षरशः जिवंत असून मुकी झाली. मोडी कागद रुमालात जसेच्या तसे असावेत आणि मोडी वाचणारा घरात कोणी नसावा, तशी.

रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात. नातवाने एक शोधून दिला आणि पुष्कळसा मजकूर त्याने सोडविलाही. पण जुन्या टंकात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असे, कारण लिहिताना ती आधी येते. नव्या संकेतात ती नंतर यावी लागते. ऱ्या-ऱ्हा मधला तो आडवा अर्धा र हा तर एक स्वतंत्र तुकडाच होता, आणि रूपांतर करणाऱ्यास त्याची दादच नव्हती. परिणाम असा की, सगळ्या कुलवृत्तांतात जो शब्द दर दोन पानांनी येतो, तो बिऱ्हाड हाच शब्द प्रत्येक ठिकाणी मोडला आहे. वेलांटी एकीकडे, र नाहीसा, मागे नुसते 'हाड'.

दादांनी तेव्हा काढलेली टिंबांच्या छपाईची एक प्रत वहिनींच्या ट्रंकेत निघाली. शाई फिकट झाली आहे, तरी भिंगाने लागते. ती शेजारी ठेवून मी रोज रात्री एकेक पान दुरुस्त करीत असतो. नातू पलीकडच्या टेबलाशी तोच खेळ पहिल्यापासून खेळतो आहे. म्हणतो की, ह्या खेपेस वाट ठाऊक असल्यामुळे लवकर होईल. सध्या मी एकेचाळिसाव्या पानावर आहे, तेथे आमचे खापरपणजोबा तिसरे गाव सोडताहेत. दर अर्ध्या तासाने पलीकडून, मान वर न करता, एकच प्रश्न येतो.

"आजोबा, सेव्ह केलंत का?"